ब्राझोसकाठचा डोंगर

आठ जुलैच्या मंगळवारी सकाळी, टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या एका गॅरेजमध्ये, राजेशकाका एकच मेल चौथ्यांदा वाचत होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं, गॅरेजात एसी नाही, बनियन पाठीला चिकटलेला. तरी तो उठेना. पोटात काहीतरी जळत होतं आणि ते कालच्या मिसळीमुळे नव्हतं.

काका मराठी मंडळाचा सेक्रेटरी. गेली अकरा वर्षं तोच, कारण दुसरं कोणी उभं राहत नाही. मंडळाच्या इनबॉक्समध्ये काय येतं? कोणाच्या आईबाबांना एअरपोर्टवरून राइड पाहिजे, कोणाला मोदकांची ऑर्डर द्यायचीय, कोणाचं हॉलवरून भांडण. ही मेल मात्र जर्मनीतून आली होती. कासल गावच्या उलरिके बाउमान नावाच्या रिटायर्ड लायब्रेरियन बाईनं इंग्लिशमध्ये लिहिली होती.

बाईचं म्हणणं असं. आम्ही एकोणीस वाचकांचा एक ग्रुप आहोत. कर्ट हॅलोवे नावाच्या लेखकाचे वेडे. हॅलोवे हे टोपणनाव. १९७१ ते ७६ मध्ये या माणसानं जर्मन भाषेत वाइल्ड वेस्टच्या अडतीस कादंबऱ्या लिहिल्या. चौसष्ट पानी, पातळ कागदाच्या, रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर मिळायच्या. प्रकाशन बंद पडलं, कागदपत्रं गेली, लेखक कोण ते कोणालाच माहीत नाही. पण त्याच्या टेक्सासमध्ये काही गोष्टी अशा आहेत की त्या दुसऱ्या कोणाच्याच टेक्सासमध्ये नाहीत. त्याचे काउबॉय शेकोटीवर एक पिवळा घट्ट लगदा शिजवतात आणि जाड भाकरीबरोबर खातात. सोबतचा कांदा कधी सुरीनं कापत नाहीत, दगडावर ठेवून बुक्कीनं फोडतात. पाऊस आला की काळं खरखरीत ब्लँकेट दुमडून डोक्यावरून टोपीसारखं घेतात. पन्नास वर्षं आम्ही तो लगदा मक्याच्या पिठाचा समजून खात आलो. यंदा आमच्यातल्या एकाची कोल्हापूरची सून आली, तिनं चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि सांगितलं की हे पिठलं आहे आणि तुम्ही ते चुकीचं करताय.

पुढे होतं की लेखकाचं प्रकाशकाला लिहिलेलं शेवटचं पत्र एका जुन्या फाइलीत सापडलंय. त्यात एकच ओळ महत्त्वाची: आता मी खऱ्या टेक्सासला चाललो. खाली सही, नुसता 'जी'. म्हणून टेक्सासमधल्या सगळ्या मराठी मंडळांना विचारतोय. आम्ही अठरावी कादंबरी पुस्तकरूपात काढतोय. एकतीस ऑगस्टच्या रात्री फाइल प्रेसला जाईल. तोवर लेखक सापडला तर कव्हरवर त्याचं खरं नाव टाकू. नाही सापडला तर 'लेखक अज्ञात'.

नाव सांगायची गरजच नव्हती. काकाच्या ओळखीत कांदा बुक्कीनं फोडणारा, 'जी' वरून नाव असलेला आणि तरुणपणी जर्मनीत राहिलेला माणूस एकच होता. गिरीश. बेचाळीस वर्षांपासूनचा दोस्त. परवाच रविवारी त्याच्याकडे पिठलं खाऊन आला होता.

आता गिरीश कोण? कोणाला विचाराल तर सांगतील, वॉल्व्हवाले काका. जन्म दहिवडीचा, साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला. वडील हेडमास्तर, घरात कडक शिस्त. बाविसाव्या वर्षी ट्रेनिंगला श्टुटगार्टच्या मशीनच्या कारखान्यात गेला, काही वर्षांनी दहिवडीला परत, मग लग्न, मग ऐंशी साली ह्यूस्टन. तेलाच्या पाइपांना लागणारे वॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं काढली. पार्टीत कोपऱ्यात बसणारा, दोन तासांत चार वाक्यं बोलणारा, आणि त्यातली तीन वॉल्व्हवर. बायको सुचित्रा चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी तो पिठलं-भाकरी करतो आणि राजेशकाका जेवायला जातो. ह्या माणसानं अडतीस कादंबऱ्या लिहिल्या आणि बेचाळीस वर्षांत तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

काका का जळला ते कळायला त्याच गॅरेजात जरा डावीकडे बघायला पाहिजे. लॉनमोवरच्या मागे अकरा खोके रचलेत. त्यात राजेशकाकाचं पुस्तक आहे. 'टेक्सास: पायाखालची जमीन', पाचशे बारा पानं. काका पाइपलाइनचा सर्व्हेअर होता, जमीन मोजणं हा त्याचा धर्म. टेक्सासच्या दोनशे चोपन्न काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे, त्यानं स्वतः ड्राइव्ह करून पाहिल्या. नदीला पाणी किती, माती कसली, कुठलं झाड कुठवर, सगळं तपासून लिहिलं. एक ओळ खोटी नाही. पुण्याला छापून घेतलं, बोटीनं आणवलं. दर दिवाळीला मंडळाच्या टेबलावर तो पुस्तकं मांडून बसतो. लोक येतात, हातात घेऊन वजन बघतात, म्हणतात, "काका, पीडीएफ आहे का?"

आणि इकडे ह्यानं टेक्सास न बघता टेक्सास लिहिलं, तर पन्नास वर्षांनी लोक त्याला शोधत समुद्रापार आलेत. लगदासुद्धा शिजवून खातायत.

काकानं मेल अनरीड करून ठेवली. म्हणजे आपण वाचलीच नाही.

मेलला अठराव्या कादंबरीची पानं स्कॅन करून जोडली होती. दुसऱ्या दिवशी काकानं ती प्रिंट काढली, फोनचा कॅमेरा धरला की इंग्लिश दिसतं ते ॲप सुरू केलं आणि लाल पेन्सिल घेऊन गॅरेजात बसला. चुका काढायच्या एवढंच मनात होतं. चुकांना तोटा नव्हता. ब्राझोस नदीच्या काठी डोंगर. डोंगरात घाट. नदी उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत, बायका वाळूत झरे खोदून वाटीनं पाणी भरतात. ब्राझोस काकाच्या घरापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर. चॉकलेटी पाणी, बाराही महिने वाहतं, आणि काठ तव्यासारखा सपाट. पहिल्या बारा पानांत सतरा चुका निघाल्या. काकाला जरा बरं वाटलं.

मग तेराव्या पानावर जोनास नावाचा मेंढपाळ घाटात अडकला. खाली दोनशे मेंढरं, वर वणवा, आणि म्हातारा घोडा पुढे पाय टाकेना. काकानं पेन्सिल कधी खाली ठेवली त्याला कळलं नाही. ॲप निम्मे शब्द भलतेच दाखवत होतं तरी तो पानं उलटत राहिला. शैलाकाकू दोनदा चहाला हाक मारून गेली. तिसऱ्यांदा ती दारातच उभी राहिली.

"अहो, चहाचं पार सरबत झालं. काय वाचताय एवढं?"

"काही नाही. भिकार आहे एकदम."

"भिकार आहे तर घोड्याचं नाव घेऊन काय पुटपुटताय? बायकोचा आवाज ऐकू येत नाही आणि घोड्याला म्हणे, चल राजा चल."

काकानं तिला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांत तिच्यापासून काही लपवलं नव्हतं, ते आता कुठे जमणार. ती पायरीवर बसली आणि बराच वेळ हसली.

"आपला गिरीश? वॉल्व्ह गिरीश? मग फोन लावा की त्याला."

"लावतो. घाई काय आहे."

"तुम्ही जळताय."

"मी कशाला जळू? सतरा चुका आहेत त्यात."

"तेच म्हणते मी," काकू म्हणाली आणि गार चहा त्याच्या हातात देऊन आत गेली.

त्या आठवड्यात काकानं जर्मनीला उत्तर धाडलं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, आमच्या मंडळात असा कोणी लेखक नाही. हे धडधडीत खोटं. दोन, सतरा चुकांची यादी, प्रत्येकीपुढे खरं काय ते, अक्षांश-रेखांशासकट. त्याला वाटलं, आता बाईचं डोकं ठिकाणावर येईल.

बाईचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. ती खूश झाली होती. लिहिलं होतं, ब्राझोसला डोंगर नाही हे आम्हाला शाळेत असल्यापासून माहीत आहे, शाळेत नकाशे होते. आम्ही दरवर्षी कासलजवळच्या एका टेकडीवर चढतो आणि तिलाच ब्राझोसचा डोंगर म्हणतो. पण तुमची यादी म्हणजे सोनं आहे. खरं टेक्सास इतकं नीट सांगणारं आम्हाला आजवर कोणी भेटलं नव्हतं. आमच्या पुस्तकाला तळटिपा लिहून द्याल का? जागा हवी तेवढी घ्या. लेखक सापडला नाही तर कव्हरवर तुमचंच नाव येईल. हॅलोवे, आणि खाली: टिपा, राजेश प्रधान, टेक्सास.

काकानं ही मेल मात्र अनरीड केली नाही.

पुढचे सात आठवडे तो वेगळाच माणूस होता. पहाटे उठायचा, टिपा लिहायचा, दुपारी उलरिकेबाईला पाठवायचा. ती प्रत्येक टिपेवर प्रश्न विचारायची. मेस्किटच्या काटेरी झाडाच्या शेंगा गोड असतात का? तिथल्या मेंढ्यांच्या लोकरीचा रंग कसा? आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला पीडीएफच्या पलीकडचं काही विचारत होतं. सतराच्या त्रेचाळीस टिपा झाल्या. एकेक टीप मूळ पानापेक्षा लांब.

आणि दर रविवारी तो गिरीशकडे जेवायला जात होता. पिठलं गिळत होता.

एकदा त्यानं उगाच खडा टाकून पाहिला. "गिरीश, जर्मनीत संध्याकाळी काय करायचास रे तू?"

"थंडी वाजवून घ्यायचो."

"पाच वर्षं?"

"तिथे थंडी पुष्कळ असते," गिरीश म्हणाला आणि भाकरी उलटली.

काकाला इतका राग आला की विचारू नका. ह्याच्याकडे एवढं मोठं घबाड आहे आणि हा ते दडवून बसलाय, जणू काही झालंच नाही. आपल्याकडे असतं तर आपण मंडळाच्या न्यूजलेटरमध्ये दर महिन्याला छापलं असतं. न मागता मिळालेल्याची माणसाला किंमत नसते, असं त्यानं स्वतःला बजावलं. नको असेल त्याला, म्हणून बोलत नसेल. मग आपण तरी का बोलायचं? जळणारा माणूस वकील चांगला होतो.

शैलाकाकूनं फक्त एकदाच विचारलं, शनिवारी मंडळाच्या गणपतीची आरती करून दोघं घरी येत होते तेव्हा. "उद्या एकतीस. सांगितलंत?"

"ड्राइव्ह करू दे."

"हातात आरतीचं ताट होतं तेव्हा गिरीश तुमच्या शेजारीच उभा होता. गाडी तेव्हा चालवत नव्हतात."

काकानं रेडिओचा आवाज वाढवला.

एकतीस ऑगस्टचा रविवार. बारा वाजता काका गिरीशच्या किचनमध्ये. पिठलं रटरटत होतं, हिरव्या मिरचीचा ठसका उठला होता. जर्मनीत संध्याकाळचे सात वाजलेले. आणखी पाच तास गप्प बसलं की झालं, 'लेखक अज्ञात' छापून मोकळं. काका खुर्चीत ताठ बसला होता, तोंडात सुपारी धरल्यासारखा.

गिरीशनं कांदा ओट्यावर ठेवला, मूळ खाली, शेंडा वर, आणि मूठ आवळली.

"काय बोलत नाहीस आज?" त्यानं विचारलं. "बरं नाही का? चल, जेवून नदीकडे चक्कर मारू."

"कुठल्या नदीकडे?"

"इथे दुसरी आहे कुठली. ब्राझोस."

आणि काकाच्या तोंडून निघून गेलं. सात आठवडे कोंडलेलं, लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं. "तुझ्या ब्राझोसला डोंगर कुठून आले रे?"

मूठ कांद्यावर तशीच थांबली.

"कुठली माझी ब्राझोस?"

"अठराव्या भागातली. घाट काय, वणवा काय, वाळूतले झरे काय. गिरीश, ब्राझोसमध्ये झरे खोदतात का? ती आटते का कधी?"

गिरीशनं गॅस बंद केला. हात पुसले. खुर्ची ओढून समोर बसला. त्याचा चेहरा शाळेत पकडलेल्या पोरासारखा झाला होता.

"माणगंगा आटते," तो म्हणाला. "दहिवडीला. आई वाटीनं भरायची." त्यानं टेबलावर सांडलेलं पीठ बोटानं झटकलं. "हेच. हेच कोणीतरी विचारील म्हणून मी पंचेचाळीस वर्षं तोंड उघडलं नाही. इथे आलो ना, पहिल्याच रविवारी सुचित्राला घेऊन ब्राझोस बघायला गेलो. तिला म्हटलं, चल, एक भारी डोंगर दाखवतो. गाडी पुलावर उभी केली. सगळीकडे सपाट. गटारासारखं पाणी. ती म्हणाली, कुठे आहे डोंगर? मी म्हटलं, रस्ता चुकला वाटतं. लाज वाटली रे. अडतीस पुस्तकं, सगळी खोटी. घरी येऊन एकुलता एक संच होता तो कचऱ्यात टाकला. वडिलांनाही कधी कळलं नव्हतं, हेडमास्तरच्या पोरानं स्टेशनवरची पुस्तकं लिहायची म्हणजे काय." त्यानं वर बघितलं. "तुला कोणी सांगितलं?"

काकानं फोन टेबलावर ठेवला आणि पहिली मेल उघडून त्याच्यापुढे सरकवली.

गिरीशनं चष्मा लावला. हळूहळू वाचली. लगदा आला तिथे ओठ हलले. कोल्हापूरच्या सुनेपाशी तो थांबला, परत मागे गेला, परत वाचलं. शेवटच्या पत्रातल्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं, "खरं टेक्सास म्हणजे दहिवडी रे. तिकडेच निघालो होतो तेव्हा."

"एकोणीस माणसं," तो म्हणाला.

"हो."

"टेकडी चढतात?"

"ते पुढच्या मेलमध्ये आहे. हो. तिला डोंगराचं नाव दिलंय."

"ही तारीख आठ जुलै आहे."

"हो."

"आज एकतीस ऑगस्ट."

"हो."

"म्हणजे आजचा धरून आठ रविवार तू माझ्या घरी जेवायला आलास."

काकानं मान खाली घातली. खरं तर मोजायला तो पक्का, आठच होते. मग त्यानं उरलेलं पण सांगून टाकलं. असा कोणी नाही म्हणून कळवलं ते. सतरा चुका. त्रेचाळीस टिपा. कव्हरवरचं नाव.

"का?" गिरीशनं विचारलं.

"का म्हणजे काय. पाचशे बारा पानं लिहिली मी. दोनशे चोपन्न काउंट्या. एक ओळ खोटी नाही. तू तरी वाचलंस का माझं पुस्तक? खरं सांग."

गिरीशनं खोटं बोलायला हरकत नव्हती. अडतीस पुस्तकांची सवय होती. पण तो म्हणाला, "एकशे दहा पानांपर्यंत. मातीच्या प्रकारांपाशी अडकलो."

"बघ."

"फार माती आहे रे त्यात."

"आणि मी तुझं एका बैठकीत वाचलं. फोन धरून. घोडा घाटात अडला तेव्हा चहा गार झाला माझा. चुकीच्या घाटात, चुकीच्या नदीकाठी. म्हणून जळलो. समजलं?"

गिरीश उठला. काकाला वाटलं, आता दार दाखवणार. बेचाळीस वर्षं गेली. त्यानं खुर्चीवरून उठायची तयारीपण केली. गिरीश खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"नालायक आहेस तू," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "पण घोडा वर चढला का नाही, ते वाचलंस?"

"चढला. मेंढरांच्या मागून."

"तिथे मी तीन रात्री अडलो होतो. घोडा चढेचना." तो वळला. "नंबर आहे का बाईचा? का तोपण दडवलास?"

नंबर मेलच्या खालीच होता. काकानं स्वतः लावून दिला आणि स्पीकर ऑन केला. तिकडे रिंग गेली. बाईनं हॅलोसारखं काहीतरी म्हटलं. गिरीशनं तोंड उघडलं. मग एक शब्द आला, मग दुसरा, गंजलेला वॉल्व्ह उघडावा तसा. मग बाई रडायला लागली का हसायला, ते काकाला कळेना, त्याला जर्मन येत नव्हतं. थोड्या वेळानं तिच्या मागे आणखी आवाज आले. बहुतेक फाइल पाठवायला सगळे तिच्याकडेच जमले असावेत.

गिरीश बोलायला लागला. भरभर, हातवारे करत. मंडळात चार वाक्यं बोलणारा माणूस. गालावर रंग चढला होता, केस विस्कटले होते, आणि बेचाळीस वर्षांत काकानं हा माणूस एकदाही बघितला नव्हता. पुन्हा पोटात जळलं. एवढं सगळं होऊनसुद्धा जळलंच. ते काही जात नसतं.

मध्येच गिरीशनं फोनवर हात ठेवला. "ती विचारतेय, टिपांचं काय करायचं."

काका उभा राहिला. "काढून टाक म्हणावं. तुझं पुस्तक आहे."

"बेचाळीस ठेव म्हणतो."

"त्रेचाळीस आहेत."

"माहितीये. डोंगराची काढायची. बाकी खरं असू दे, पण डोंगराला हात नाही लावायचा."

काकाला ती टीप सगळ्यात जास्त आवडायची. अडीच पानं होती. त्यात ब्राझोसच्या खोऱ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची दर दहा मैलांना दिली होती.

"अक्षांश तरी राहू दे," तो म्हणाला.

"नाही."

"बरं. बेचाळीस."

गिरीशनं हात काढला आणि पुन्हा जर्मनमध्ये सुरू झाला. आता तो स्वतःचं नाव एकेक अक्षर करून सांगत होता. जी, आय, आर. आडनावाला बाई दोनदा अडली, त्यानं दोनदा सांगितलं, न कंटाळता.

काका ओट्याकडे गेला. पिठल्यावर साय धरली होती. कांदा तसाच पडला होता. आठ रविवार नाही, चार वर्षांचे रविवार त्यानं तो आयता खाल्ला होता. त्यानं कांदा सरळ केला, मूठ आवळली आणि हाणली. कांदा सटकला, ओट्यावरून खाली पडला आणि फ्रिजपर्यंत घरंगळत गेला. काकाची करंगळी झणझणली.

गिरीशनं बोलणं न थांबवता मागे बघितलं, वाकून कांदा उचलला, काकाच्या हातात दिला आणि बोटानं दाखवलं: मूळ खाली, शेंडा वर. मग काकाची मूठ धरून थोडी तिरपी केली, आणि फोनवर पुढचं सांगायला लागला.